नळीला आटे नाहीत, मग पुढचं नळकांडं बसवायचं कसं?



आपल्या मंडळातली मुलं फुटबॉल, पोहणं आणि पियानो यांच्या जोडीला आता गावच्या श्युत्सनफेराइनमध्येही दिसू लागली आहेत. घरी आजी-आजोबांना हे कळलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "अभ्यास सोडून बंदूक कशाला?" पण जर्मनीतल्या खेड्यापाड्यांत हा क्लब म्हणजे आपल्याकडच्या तालमीसारखा आहे. तिथं नेम शिकवतात, शिस्त शिकवतात आणि वर्षातून एकदा गावजत्राही भरवतात. नेमबाजीच्या या परंपरेला २०१५ साली जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

आपल्या मुलांना या खेळात परकं वाटायचं काही कारण नाही. २०१० साली म्युनिकजवळच्या होखब्र्युक इथल्या मैदानावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद पटकावलं. हे मैदान १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. आणि जगभरचे नेमबाज ज्या रायफली वापरतात त्यांतल्या बऱ्याच आपल्या शेजारी उल्ममध्ये तयार होतात. आन्श्युट्झचा कारखाना १८५६ साली थ्युरिंगेनमधल्या झेला-मेहलिसला सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० साली, उल्मला नव्यानं उभा राहिला.

या खेळात नवे असलेले पालक आम्हांला हटकून एक प्रश्न विचारतात. मोठ्या नेमबाजांच्या रायफलीच्या टोकाला एक लांब नळकांडं असतं. आपल्या मुलाच्या रायफलीला ते नाही, आणि नळीच्या टोकाला आटेही नाहीत. मग ते बसवायचं कसं? एखाद्या ओळखीच्या टर्नरकडून आटे पाडून घेतले तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. का नाही, हे नीट समजावं म्हणून हा लेख.

नळकांड्याचा उपयोग काय?

पुष्कळांना वाटतं की ते आवाज कमी करण्यासाठी आहे. तसं नाही. क्लबच्या पॉइंट टू-टू रायफलीवरचं नळकांडं आतून पोकळ असतं. त्याच्या पुढच्या टोकावर नेम धरायची कडी, म्हणजे फोरसाइट, बसवतात. ही कडी आणि डोळ्याजवळची चकती यांच्यातलं अंतर वाढवणं हे त्याचं मुख्य काम. टोकाला थोडं वजन येऊन रायफल स्थिर राहते, हा दुसरा फायदा.

अंतर वाढल्यानं काय होतं ते हिशेबात पाहू. समजा दोन्ही साइट्समध्ये ७५ सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढची कडी डोळ्याला ०.१ मिलिमीटरनं चुकीच्या जागी दिसली. ५० मीटरवर ही चूक सुमारे ६.७ मिलिमीटर होते. अंतर ९० सेंटिमीटर केलं तर तीच चूक ५.६ मिलिमीटरवर येते. फरक फक्त १.१ मिलिमीटरचा. पण ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि दशांशात गुण मोजताना ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. मोठ्या स्पर्धांमध्ये एवढ्याशा फरकावर क्रमांक ठरतात.

मग सरळ लांब पोलादी नळीच का घेत नाहीत? कारण ती जड होते. शिवाय पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू जेमतेम दशांश ग्रॅम असते. लांब नळीत गोळीला जादा वेग फारसा मिळत नाही, तिचं घर्षण मात्र वाढतं. म्हणून नळी बेताची ठेवून पुढं हलकं नळकांडं जोडायचं, ही युक्ती सोयीची ठरली.

आटे नसताना ते बसतं कसं?

स्पर्धेच्या रायफलीची नळी बाहेरून गुळगुळीत आणि सारख्या व्यासाची असते. नळकांड्याच्या मागच्या टोकाला उभी चीर असते. ते टोक नळीवर बाहेरून सरकवायचं आणि चिरेवरचे स्क्रू आवळायचे. सायकलच्या सीटचा दांडा जसा पट्ट्यानं आवळला जातो, तसंच हे. नळीला कुठं भोक पाडावं लागत नाही, घासावं लागत नाही आणि एक कणही काढावा लागत नाही. नको असलं तर स्क्रू सैल करून परत काढता येतं. म्हणजे आटे नसणं ही या रायफलीची उणीव नाही. तिला आट्यांची गरजच नाही.

जपायच्या गोष्टी मात्र काही आहेत.

पहिली गोष्ट मापाची. नळकांड्याचं आतलं माप आपल्या नळीच्या बाहेरच्या व्यासाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या काळातल्या रायफलींचे व्यास निराळे असतात. "जवळपास तेवढंच आहे" म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळून बसवलेलं नळकांडं वाकडं बसतं.

दुसरी गोष्ट सरळपणाची. नळकांडं नळीच्या अक्षाशी एकरेष हवं. गोळी त्याच्या पोकळीतून कशालाही न शिवता जायला हवी. शिवली तर नेम तर जाईलच, पण शिशाचे कण उडतील आणि नळकांडंही निसटू शकेल. म्हणून पहिल्यांदा बसवताना क्लबचा प्रशिक्षक किंवा बंदुकांचा कारागीर, इथं ज्याला ब्युक्सनमाखर म्हणतात तो, हजर असलाच पाहिजे. त्याच्याकडे सरळपणा तपासायचा गज असतो.

तिसरी गोष्ट आवळण्याची. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आणि कारखान्यानं सांगितलेल्या जोरानंच आवळायचे. नळीच्या टोकावर अति दाब आला तर आतलं छिद्र किंचित आक्रसतं आणि मऊ शिशाच्या गोळीला तेवढंही जाणवतं. सैल राहिलं तर प्रत्येक गोळीगणिक नळकांडं सरकतं आणि मूल बिचारं आपल्याच हाताला दोष देत बसतं.

चौथी गोष्ट आमच्या रसायनशास्त्रातली. पकड बसण्याआधी नळीवरचं तेल पुसायला हवं. आयसोप्रोपॅनॉल आणि स्वच्छ फडकं पुरे. एपॉक्सीसारखा गोंद मुळीच वापरायचा नाही. तो पुढं काढण्यासाठी तापवावा लागतो, आणि नळी तापवण्याचे उद्योग घरी करायचे नसतात.

एक सूचना आरोग्याची. पॉइंट टू-टूची गोळी शिशाची असते आणि तिच्या ठिणगीच्या मिश्रणातही बहुधा शिशाचं संयुग असतं. ही काजळी आणि न जळालेल्या दारूचे कण नळकांड्यात साठतात. ते साफ करताना हातमोजे घालावेत, कोरड्या ब्रशनं धूळ उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावं, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये. लहान भावंडं आणि गरोदर बायका यांना या सफाईपासून लांब ठेवावं. क्लबातून आलेल्या मुलाचं जॅकेट घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नये.

नळीचं तोंड इतकं नाजूक का?

गोळी नळीतून जाते तेव्हा पेचदार खाचा तिला फिरकी देतात. पॉइंट टू-टूमध्ये आतला दाब दीड हजार बारच्या वर जातो. आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त असतो, यावरून अंदाज यावा. शिकारीच्या पॉइंट थ्री-झिरो-एट विंचेस्टर काडतुसात हा दाब ४१५० बारपर्यंत जाऊ शकतो.

गोळी तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा वायू मोकळा होतो आणि गोळीपेक्षा जास्त वेगानं तिला ओलांडून पुढं जातो. तोंडाची कड सगळीकडून सारखी असेल तर वायूचा धक्का चारी बाजूंनी सारखा बसतो. कडेला एखादा टवका असेल किंवा ती किंचित तिरकी असेल, तर वायू एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो. मग आधीची सगळी मेहनत वाया. नळीचा गोळीला शेवटचा स्पर्श होतो तो याच कडेचा. म्हणूनच साफ करायचा गज शक्यतो मागून घालतात, तोंडाकडून नाही.

आता आटे पाडायचे म्हणजे नेमकं याच टोकावरचं पोलाद लेथवर कापायचं. तिथं नळीची भिंत पातळ होते. आटे नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला धरून पाडले की आतल्या छिद्राला धरून, हाही प्रश्न असतो, कारण दोन्हींची केंद्रं नेहमी अगदी एकच असतात असं नाही. पाण्याच्या पाइपला आटे पाडणाऱ्या टर्नरचा हात कितीही चांगला असला तरी हे काम त्याचं नाही.

कायदा काय म्हणतो?

जर्मनीत बंदुकीची नळी हा सर्वाधिक ताण सोसणारा भाग मानला जातो. तपासून शिक्का मारलेल्या बंदुकीच्या अशा भागात बदल केला, तर ती पुन्हा सरकारी चाचणीला न्यावी लागते. ही चाचणी करणारं कार्यालय म्हणजे बेशुसआम्ट. उल्म, सूल, म्युनिक, कोलोन, हानोफर, कील अशा ठिकाणी ही कार्यालयं आहेत. तिथं नेहमीपेक्षा मुद्दाम जास्त दाबाची काडतुसं त्या बंदुकीतून उडवतात. काडतुसाच्या जातीप्रमाणे हा दाब २५ ते ३० टक्के अधिक असतो. नळी फुगली नाही, तडकली नाही, तरच शिक्का मिळतो. उल्मच्या शिक्क्यात हरणाचं शिंग असतं. घरातल्या किंवा क्लबच्या रायफलीवर ही चिन्हं जरूर शोधावीत. मुलांना त्यात मजा वाटते.

ही पद्धत जुनी आहे. जर्मन साम्राज्यानं नळ्यांच्या तपासणीचा कायदा १९ मे १८९१ रोजी केला. १९१४ साली बेल्जियममध्ये लिएज इथं या तपासण्यांसाठी आंतरराष्ट्रीय मंडळ सुरू झालं, आणि १९६९ च्या करारानं सदस्य देश एकमेकांचे शिक्के मान्य करू लागले. नळी फुटून माणसं जखमी होतात, हा अनुभव त्यामागं आहे.

शिवाय परवान्याविना बंदुकीवर काम करणं हाच मुळात गुन्हा आहे. धंदा म्हणून करायला वेगळा परवाना, हौस म्हणून करायलाही वेगळा परवाना लागतो. नसला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. रायफल आपलीच असली तरी यात सूट नाही.

आपल्यासारख्या कुटुंबांना यात आणखी एक धोका आहे. दंडाची शिक्षा ९० दिवसांच्या कमाईपेक्षा जास्त झाली तर ती साधारणपणे नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येते. ज्यांनी वर्षानुवर्षं कर भरला, भाषेची परीक्षा दिली, फाइल तयार केली, त्यांची फाइल चार आट्यांपायी अडकावी, याहून मोठा मूर्खपणा नाही.

ही कडक शिस्त कधीकधी जाचक वाटते. पण ११ मार्च २००९ रोजी श्टुटगार्टजवळच्या विनेन्डनमध्ये सुरू झालेल्या हल्ल्यात एका १७ वर्षांच्या मुलानं १५ जणांचा जीव घेतला, तो वडिलांनी झोपण्याच्या खोलीत कुलपाबाहेर ठेवलेल्या पिस्तुलानं. वडील क्लबचे नेमबाज होते. पुढं त्यांच्यावर खटला होऊन शिक्षा झाली. त्यानंतर नियम आणखी घट्ट झाले. आपले काही सभासद त्याच भागात राहतात. कपाटाची तपासणी करायला अधिकारी न कळवता दारात आला, तर त्याच्यावर चिडू नये. आपल्याच मुलांच्या शाळेसाठी तो आलेला असतो.

शिकारीच्या रायफलीचं काय?

आपल्यातल्या एकदोघांनी इथली शिकारीची परीक्षा देण्याचा विचार केला आहे. त्यांचा प्रश्न निराळा आहे, कारण त्यांना खरोखर आवाज कमी करणारं साधन, म्हणजे शालडेम्फर, हवं असतं. शिकारीच्या रायफलीचा आवाज कानाजवळ १५० ते १६० डेसिबलपर्यंत जातो. कामाच्या जागी क्षणिक आवाजाला १३७ डेसिबल झाले की जर्मन नियमांनुसार कान झाकणं सक्तीचं होतं. शालडेम्फरनं साधारण २० ते ३० डेसिबल कमी होतात. म्हणजे सिनेमातल्यासारखा "फुस्स" आवाज होत नाही. कान वाचायला मदत होते इतकंच, आणि कानावरचे मफ तरीही घालावेत.

२०२० पासून शिकारीचा परवाना असलेल्यांना शिकारीच्या लांब बंदुकीसाठी हे साधन वेगळी गरज सिद्ध न करता घेता येतं, पण दोन आठवड्यांत शस्त्रपरवान्यावर नोंदवावं लागतं. कायद्यानं शालडेम्फरला बंदुकीचाच दर्जा दिला आहे. क्लबच्या नेमबाजाला सहसा तो मिळत नाही. आणि स्पर्धेच्या नियमांप्रमाणे रायफलीच्या नळकांड्यात आतमध्ये कसलीही रचना चालत नाही, त्याला भोकंही चालत नाहीत. ते नुसतं पोकळच हवं.

जुन्या शिकारी रायफलीला आटे नसतील तर रस्ता एकच. रायफल ब्युक्सनमाखरकडे द्यायची. नळीची भिंत आटे सोसेल का ते तो पाहील, आटे पाडील, तोंडाची कड नव्यानं करील, बेशुसआम्टकडे पाठवील आणि शिक्का घेऊन परत देईल. काही आठवडे लागतात. चाचणीचा खर्च धरून अंदाज लेखी मागावा. काही नळ्या फार बारीक असतात आणि कारागीर सरळ नाही म्हणतो. मग दुसऱ्या कारागिराकडे जाऊन "जमवा हो" म्हणू नये.

मुलांच्या वयाबद्दल आणि भारतातल्या भाच्याबद्दल

क्लबात देखरेखीखाली आणि पालकांच्या संमतीनं १२ वर्षांपासून हवेची रायफल आणि १४ वर्षांपासून पॉइंट टू-टू चालवता येते. त्यापेक्षा लहानांना खास परवानगी लागते. हवेच्या स्पर्धा-रायफलीची मागच्या टोकापासून तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून तिला नळकांडं लावण्याआधी टेप लावून पाहावी. सुरुवातीची दोन वर्षं तरी मुलाला नळकांड्याची गरज नसते. श्वास, उभं राहणं आणि ट्रिगर हे तिन्ही आधी जमू द्यावेत. क्लबच्या रायफलीवर हे सगळं फुकट शिकता येतं, आणि क्लबच्या रायफलीला काही लावायचं झालं तर तो निर्णय क्लबचाच.

पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्या फर्माइशींबद्दलही लिहायला हवं. तिकडं भाचा नेमबाजी करतो, इथं उल्म जवळ आहे, म्हणून "येताना तेवढं नळकांडं घेऊन ये" असा निरोप येतो. इकडं पोकळ नळकांडं दुकानात सहज मिळतं, पण भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येतच त्यांचे भागही येतात. मुंबई विमानतळावर कस्टमच्या माणसाला "हे फक्त साइट लावायला आहे" असं पटवत बसण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. भाच्याला सांगावं की त्याच्या क्लबामार्फत आणि रायफल संघटनेमार्फत रीतसर कागद करून मागव. चिवड्याच्या डब्याच्या जागी असली वस्तू बॅगेत टाकू नये.

थोडक्यात, पालकांसाठी

क्लबच्या रायफलीच्या नळीला आटे नसतील तर ते नसू द्यावेत. बाहेरून आवळायचं, मापाचं, पोकळ नळकांडं प्रशिक्षकासमोर बसवावं आणि नंतर साइट नव्यानं जुळवून घ्यावी. पोलादाचा एक कणही काढायची वेळ आली, तर ते काम परवानाधारक कारागिराचं आणि शिक्का बेशुसआम्टचा. बाकी हौस भागवायला घरात मोडकी शेल्फं पुष्कळ असतात.

ज्यांच्या मुलामुलींना हा खेळ बघायचा आहे, त्यांनी आधी आपल्या गावच्या क्लबच्या खुल्या दिवशी सहकुटुंब जाऊन यावं. तिथली मंडळी आगत-स्वागत छान करतात, आणि सोबत घरची करंजी नेली तर आणखीच छान. जर्मन फॉर्म भरताना अडचण आली तर मंडळाच्या ग्रंथालयाच्या दिवशी आम्हांला भेटावं. फॉर्म आणि डिक्शनरी घेऊन आम्ही तिथं बसलेले असतोच.